काळा पट्टा बांधून क्लास काढायला निघालेल्यांसाठी

गेल्या जूनमध्ये एक पोरगा पेढ्यांचा बॉक्स घेऊन क्लासवर आला. माझाच विद्यार्थी, वय १९, तीन आठवड्यांपूर्वी कराटेत ब्लॅक बेल्ट झालेला. पाया पडला, पेढा दिला आणि मोबाईल काढून मला फ्लेक्सचं डिझाईन दाखवलं. कुपवाड रोडला गाळा बघितलाय, पंधरा दिवसांत क्लास सुरू. फ्लेक्सवर त्याचाच उडी मारून किक मारतानाचा फोटो, वर ‘मुख्य प्रशिक्षक’, खाली ‘मर्यादित प्रवेश’. मी विचारलं, “समोर तीस पोरं उभी आहेत. त्यातली चार रडतायत, दोघांना शू लागलीय, एकाचा पट्टा सुटलाय. तू पहिलं काय करशील?”

“वॉर्म-अप, मॅडम.”

पेढा गोड होता म्हणून हसले नाही. त्याला त्या संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. सांगली-मिरजेतून वर्षाला दोन-तीन जण तरी हाच बेत घेऊन माझ्याकडे येतात. मी कराटेतली शोतोकान शैली शिकले आणि तीच शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. गोजू, शितो किंवा वादो या दुसऱ्या शैलीवाल्यांनी कातांची, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमांची, नावं आपापली घालून वाचावं.

मागची रांग

मी १९९० मध्ये सुरुवात केली, दहा वर्षांची असताना. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, अनवाणी. मार्चमध्ये तळपाय भाजायचे. घरी तक्रार केली तर आजोबा म्हणायचे, “मोजे घालून कुस्ती करतं का कुणी?” ते तालमीतले. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचं नाव घेताना अजून कानाच्या पाळीला हात लावायचे. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती जी मला तेव्हा कळली नाही. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला महिनाभर डावच शिकवायचे नाहीत. हौद्यातली माती उकरायला लावायचे. माती कुठे घट्ट आहे, कुठे भुसभुशीत, कुठे खडा आहे, हे हाताला कळलं की मग पुढचं.

१९९८ मध्ये माझा काळा पट्टा झाला. मला वाटलं आता सर मला पुढे उभं करतील. सरांनी सांगितलं, “उद्यापासून मागच्या रांगेत. पांढरे पट्टे तुझे.” सहा वर्षं मी तिथे होते. तिसऱ्या वर्षी रागही आला होता, कारण माझ्यानंतर ब्लॅक बेल्ट झालेल्या एकाने तोवर स्वतःचा क्लास काढून मोटरसायकलसुद्धा घेतली होती.

क्लास काढण्याआधी किमान तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली मागच्या रांगेत काढा. आठवड्यातून तीन दिवस, पगाराची अपेक्षा न ठेवता. तुमचे स्वतःचे सर असतील तर उत्तम, नसतील तर दुसऱ्या क्लासवर जाऊन विचारा. नाही म्हणणारे कमी असतात, फुकटचा मदतनीस कुणाला नको असतो!

तिथे काय करायचं? पहिले सहा महिने शिकवू नका. पट्टे बांधा, चपला ओळीत लावून घ्या, रडणाऱ्याच्या शेजारी बसा. आणि बघा. एका तासाला एकच मूल निवडा आणि पूर्ण तास त्याचे फक्त पाय बघा. घरी जाऊन वहीत दोन ओळी लिहा. माझ्या पहिल्या वहीत ‘गुडघा आत पडतो’ हे वाक्य चाळीस-पन्नास वेळा आहे, वेगवेगळ्या मुलांच्या नावांपुढे. चाळीस मुलांचा गुडघा आत पडत असेल तर चूक मुलांच्या गुडघ्यात नसते, सांगण्यात असते, हे त्या वहीने मला शिकवलं. आम्ही सगळे “गुडघा वाकव” म्हणत होतो. कुठल्या दिशेला, ते कुणीच सांगत नव्हतं. “गुडघा पायाच्या अंगठ्याच्या वर आण” म्हणायला लागले आणि आठवड्यात निम्मी मुलं सुधारली.

आरशासारखं करणं

हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत आणि क्लासचा पहिला आठवडा इथेच फसतो. हेआन शोदान हा पहिला काता, २१ हालचालींचा. सुरुवात डावीकडे वळून डाव्या हाताच्या गेदान-बाराईने, म्हणजे खालचा वार अडवण्याने. आता तुम्ही मुलांकडे तोंड करून उभे आहात. तुम्ही डावीकडे वळलात की मुलांना तुम्ही त्यांच्या उजवीकडे गेलेले दिसता. मोठं माणूस डोक्यात उलटसुलट करून घेतं, सात वर्षांचं पोर घेत नाही. ते डोळ्यांना दिसतं तसं करतं. म्हणजे तुम्हाला सगळा काता उलटा यायला हवा. उजवीकडे वळून, उजव्या हाताने, एकवीसच्या एकवीस, आणि तोंडाने मात्र “डावा, डावा” म्हणत.

मी हे दोन महिने घरी कपाटाच्या आरशासमोर केलं. आई म्हणायची, पोरगी वेडी झाली. सात वर्षं उजव्या-डाव्या बाजूची जी सवय अंगात मुरवली ती मोडून उलटी भरायची, ते पण मूळची न बिघडवता. आठवड्याला एक काता धरला तरी पाच हेआन आणि तेक्की शोदान इतकं उलटं बसायला दीड-दोन महिने लागतात. क्लास काढण्याआधी ते करा, काढल्यावर वेळ मिळत नाही.

आणि एवढ्याने संपत नाही. याच कात्यात सतराव्या हालचालीला, पुढे येत मारलेल्या तिसऱ्या पंचला (ओई-झुकी), दुसरी किआई, म्हणजे आरोळी, येते आणि लगेच पाठीमागून २७० अंशांचं वळण आहे. निम्मी पोरं इथे उलटी फिरतात. का फिरतात? कारण त्या क्षणी सगळ्यांची तोंडं हॉलच्या मागच्या भिंतीकडे असतात. तुम्ही पुढे उभे, पोरांची पाठ तुमच्याकडे. समोर बघायला कुणीच नाही. मी पहिलं वर्षभर पुढून ओरडत राहिले, “अरे इकडून, इकडून!” उपाय अगदी साधा निघाला: चार भिंतींना चार सिनिअर उभे करा. पोर कुठेही वळलं तरी त्याच्या समोर कुणीतरी बरोबर करणारं दिसतं. सिनिअर नसतील तर क्लासचे चार भाग करून तुम्हीच बाजू बदलत राहा.

मोजण्याचंही तसंच. इची, नी, सान, शी, गो हे जपानी आकडे आपण परवचा म्हटल्यासारखं एका ठेक्यात म्हणतो आणि पोरं आकड्यावर हलायची सोडून ठेक्यावर हलायला लागतात. मध्येच एक आकडा लांबवा. निम्मा क्लास आधीच हललेला दिसेल. मग न रागावता पुन्हा इचीपासून. आकडा पोटातून काढा. घशातून काढलात तर गणपतीच्या आतच आवाज बसेल. माझा बसला होता आणि नवरात्रापर्यंत मी शिट्टीवर क्लास घेतला.

एका वेळी एकच

मुलाची एका वेळी एकच चूक सांगा. पाय, कंबर, खांदा, मूठ सगळं एका दमात सांगितलं की पोर गोठतं आणि नंतर तुमच्याकडे बघायचंच टाळतं. क्रम खालून वर: आधी पाय. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याच्या लांब पवित्र्यात, पुढचा-मागचा पाय एका रेषेत आले की पोर दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखं हलतं. “खांद्याइतकं अंतर” हे लहान मुलाला समजत नाही. हॉलला फरशी असेल तर तिच्या सांध्यांचा उपयोग करा. डावा पाय या सांध्यावर, उजवा त्या सांध्यावर, आणि चालताना रूळ सोडायचा नाही. मिरजेची पोरं रुळाची भाषा लगेच पकडतात.

पंच मारताना दुसरा हात कमरेला ओढून घ्यायचा असतो, त्याला हिकिते म्हणतात. आमचे सर म्हणायचे, “रहाटाचा दोर ओढतेस तसा ओढ.” आजच्या पोरांनी रहाट बघितलेला नाही. मी म्हणते, रस्सीखेच. पोरं बदलली की दाखले बदलावे लागतात, आणि नवा दाखला शोधायला कधी कधी महिना जातो.

पोराला हात लावून स्टान्स दुरुस्त करायचा असेल तर आधी विचारा, “हात लावू का?” रोज, प्रत्येक वेळी, मुलगा असो की मुलगी. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर ही सवय आपल्यासाठीही गरजेची झाली, पण कायदा बाजूला ठेवला तरी तीच बरोबर आहे. कारण आपण त्याच मुलीला स्वसंरक्षणाच्या शिबिरात सांगतो की तुझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावला तर ओरड. हॉलचं दार उघडं ठेवा. पालकांना बसायला एक बाक ठेवा. बाकावरच्या आया कधी कधी डोकं खातात, तेही सहन करा.

हे काही मी काढलेलं नाही

कुणाला वाटेल की बाई मागच्या रांगेचं उगाच स्तोम माजवतायत. कराटेचा इतिहास जरा शिक्षकाच्या नजरेने बघा. ओकिनावातल्या शाळांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसूंनी कराटे नेलं. मोठ्यांचे लांबलचक काते पोरांना झेपत नव्हते, म्हणून त्यांनी पिनानचे पाच काते बसवले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये ते तोक्योला गेले, तिथेच राहिले आणि पुढे याच कातांना त्यांनी हेआन हे नाव दिलं. आणि एक बदल केला: पहिला आणि दुसरा काता अदलाबदल केले. मूळचा दुसरा शिकायला सोपा, म्हणून तो पहिला झाला. आज आपण ज्याला हेआन शोदान म्हणतो तो पूर्वीचा पिनान निदान. पोरांना आधी काय झेपेल, हे वर्गात उभं राहिलेल्या मास्तरालाच सुचतं.

पुढे जपान कराटे असोसिएशन १९४९ मध्ये स्थापन झाली आणि १९५६ मध्ये मासातोशी नाकायामांच्या देखरेखीखाली तिथे प्रशिक्षक घडवायचा वेगळा कोर्स सुरू झाला. पहिल्या तुकडीत हिरोकाझू कानाझावा होते. याच माणसाने १९५७ ची अखिल जपान स्पर्धा मोडलेल्या हातानिशी जिंकली. त्यालाही शिकवायचं कसं हे वेगळं शिकावं लागलं. माझ्या पेढेवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सांगलीत असा कोर्स कुठाय?” म्हटलं, हाच की. मागची रांग.

स्वतःचं बिघडतं, तेव्हा

स्वतःचा क्लास २००४ मध्ये सुरू केला आणि आठ वर्षांनी पुण्यात एका ज्येष्ठ सेन्सेईंकडे (गुरूंकडे) महिन्यातून एकदा जायला लागले. शनिवारी कोयना एक्स्प्रेसने जायचं, रविवारी रात्री परत. पहिल्या दिवशी त्यांनी मला तासभर फक्त हेआन शोदान करायला लावलं. मला अपमान वाटला. मग त्यांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. माझी मागची टाच प्रत्येक पावलाला उचलली जात होती. जी चूक मी रोज पन्नास पोरांना सांगत होते, तीच.

कारण त्यांनीच सांगितलं. शिक्षक दिवसभर ‘करून दाखवतो’. बोलत बोलत, अर्ध्या ताकदीने, मान पोरांकडे वळवून. वर्षानुवर्षं असं अर्धवट केलं की शरीर अर्धवटच खरं धरतं. शिवाय मी काते उलटे करत होते, ते वेगळंच.

त्यामुळे दोन गोष्टी. क्लासच्या आधी अर्धा तास दार लावून स्वतःसाठी करा, पूर्ण ताकदीने, सुलट्या बाजूने. आणि महिन्यातून एकदा तरी अशा ठिकाणी जा जिथे तुम्हाला कुणी मॅडम किंवा सर म्हणत नाही. पहिल्या काळ्या पट्ट्याला शोदान म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच सुरुवातीची पायरी असा आहे. ही दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांची, पद्धतसुद्धा मूळची कराटेची नव्हे, जिगोरो कानोंच्या ज्युदोतून घेतलेली. फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. म्हणजे पट्ट्याचं वय शंभर वर्षं, कराटेचं त्याहून कितीतरी जास्त.

कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही. संघटना अनेक आहेत, प्रत्येकजण आपली खरी म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका संघटनेने चौदा महिन्यांत ब्लॅक बेल्ट दिला. पैसे भरले, ग्रुप फोटो झाला, झालं. त्या सर्टिफिकेटवर त्याला पुढे कुठे स्पर्धेत उतरवून घेईनात. तुमचं दान सर्टिफिकेट कुणाचं आहे, ती संस्था कुणाशी जोडलेली आहे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत तुमच्या मुलांचा प्रवेश कसा होतो, हे त्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, प्रवेश शाळेमार्फत जातो. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांबद्दल पालक पहिल्याच दिवशी विचारतील. नियम वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

“ऑलिम्पिकला जाईल का?” असंही विचारतात. खरं सांगा. कराटे ऑलिम्पिकमध्ये एकदाच होतं, तोक्योला, ते २०२१ मध्ये झालं. २०२४ च्या पॅरिसला नव्हतं. आशियाई स्पर्धांत १९९४ पासून आहे. खरं सांगितल्यामुळे आजवर माझा एकही प्रवेश गेलेला नाही.

एक कागद मात्र आवर्जून मिळवा: पंचाच्या (रेफरीच्या) परीक्षेचा. फाईटमध्ये पंचला एक गुण, अंगावरच्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दिवसभर झेंडा धरला की ताबा सुटणं आणि ताबा ठेवणं यातला फरक डोळ्याला कळतो. शिकवायला तो फरक लागतो.

दात

२००७ ची गोष्ट. एका पिवळ्या पट्ट्याची मी नारिंगी पट्ट्याशी फाईट लावली. वजनात पाच-सहा किलोंचा फरक होता, तोंडात गार्ड नव्हते, मी घाईत होते कारण त्या दिवशी क्लासला उशीर झाला होता. नारिंगीवाल्याचा पंच थेट तोंडावर. पोराचा पुढचा दात बाहेर. मी तो रुमालात गुंडाळून वडिलांच्या हातात दिला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दीड तास गेला आणि दात कोरडा पडला होता. डेंटिस्ट म्हणाले, आता बसणार नाही.

चूक माझी होती, पूर्ण. डेंटिस्टनीच मला शिकवलं: कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, थंड दुधात टाकायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात डेंटिस्टकडे. घासायचा, पुसायचा नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत झाकणाची छोटी बरणी असते आणि हॉलखालच्या चहाच्या टपरीवाल्याला माहीत आहे की मॅडमची पोर धावत आली तर पैसे न विचारता दूध द्यायचं. २०१६ मध्ये एकदा ते दूध लागलं. तो दात बसला.

तोंडातलं गार्ड, हातातले ग्लोव्हज आणि पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांना मोकळी फाईट नाही, इतकं तरी ठरवूनच टाका. लहान मुलांकडून बदकचाल, बेडूकउड्या आणि मुठींवरचे जोर करून घेऊ नका. वाढत्या हाडांच्या टोकांना मऊ थर असतो, तो वाढ पूर्ण होईपर्यंत सांभाळायचा असतो. त्याच कारणाने माकिवारावर, म्हणजे मुठी मारायच्या खांबावर, मारणंही मोठं झाल्यावर. आजोबांच्या तालमीत पाचशे बैठका व्हायच्या हे खरं, पण शेवटी आजोबा गुडघ्याला तेल चोळत बसायचे हेही मी बघितलंय. प्रथमोपचाराचा कोर्स करा. छातीवर तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने: हे वाचून येत नाही, बाहुल्यावर करूनच येतं. आणि पोराच्या डोक्याला मार लागून त्याला गरगरलं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी त्याचा क्लास संपला. “मी बरा आहे मॅडम” ऐकायचं नाही, थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

हॉल, मॅट आणि महापूर

सांगलीत जागा बघताना भाड्याआधी पाण्याचा प्रश्न. माझा जुना हॉल पेठेत तळमजल्यावर होता. स्वस्त, मध्यवर्ती, पोरांना सायकलने येण्याजोगा. तिथे मी हप्त्याने घेतलेल्या ६४ मॅट होत्या, एक बाय एक मीटरच्या, लाल-निळ्या, म्हणजे स्पर्धेचं आठ बाय आठचं पूर्ण मैदान. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर मॅट जमिनीवर नव्हत्याच. त्या तरंगतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. छताच्या पंख्यात आणि खिडकीच्या गजांत अडकून लोंबत होत्या, सांध्यांत चिखल, आणि असा वास की पंधरा दिवस गच्चीवर वाळवूनही गेला नाही. पालक आणि पोरं मिळून आम्ही त्या धुतल्या. तरी निम्म्या टाकाव्याच लागल्या.

आता मी विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आहे. भाडं जास्त, जिना चढताना आज्या कुरकुरतात. पण पावसाळ्यात रात्री झोप लागते. तुम्ही तळमजला घेतलाच तर मॅट ठेवायला वर कुणाची तरी माडी आधीच ठरवून ठेवा.

फीचं थोडक्यात सांगते. मी २००४ मध्ये महिना १०० रुपयांनी सुरू केलं, आज ५०० घेते. मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिरात साठ पोरं येतात आणि नवा शिक्षक त्या साठावर हॉलचं भाडं ठरवतो. जुलैत पंचवीस राहतात. पंचवीस धरून हिशोब करा. पहिली दोन वर्षं दुसरी नोकरी सोडू नका. माझे वडील हळदीच्या पेठेत तोलाईला होते. माझी फी सरांनी किती महिने मागितली नाही हे मला वडील गेल्यावर कळलं, त्यामुळे ज्यांना जमत नाही त्यांची मीही मागत नाही. पण ते चारचौघांत बोलायचं नाही, पोराला तर अजिबात कळू द्यायचं नाही. शिबिरांचं म्हणाल तर समग्र शिक्षाअंतर्गत सरकारी शाळांतल्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण असतं, त्यासाठी प्रशिक्षक घेतात. ते काम जरूर करा. शंभर मुलींसमोर माईकशिवाय उभं राहण्याचा सराव दुसरीकडे मिळणार नाही.

परीक्षा घेणं आणि नापास करणं

शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम हे. परीक्षेची फी भरलीय, आजी-आजोबा बघायला आलेत, मोबाईल वर धरलेत, आणि पोराला काता मध्येच आठवत नाही. मी पहिली तीन वर्षं कुणालाच नापास केलं नाही. मग एकदा आमच्या हॉलमालकांचाच मुलगा हिरव्या पट्ट्याला आला. हेआन सान्दानमध्ये तीनदा अडकला. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, “दोन महिन्यांनी परत.” पोर रडलं. मालक काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या महिन्यापासून भाडं तीनशेने वाढलं. दोन महिन्यांनी त्या पोराने काता असा केला की मालकच उभे राहिले. भाडं मात्र कमी केलं नाही.

नापास करायचं असेल तर परीक्षेच्या दिवशी करू नका, आधीच करा. परीक्षेच्या तीन आठवडे आधी सराव परीक्षा घ्या, जो तयार नाही त्याच्या पालकांना एकट्याला बोलावून सांगा आणि फी घेऊच नका. हे शहाणपण मालकांच्या मुलानंतर सुचलं. आता माझ्याकडे परीक्षेच्या दिवशी नापास होणं क्वचित घडतं, आणि लोकांना वाटतं मॅडम सगळ्यांना पास करतात.

पेढेवाल्याने गाळा घेतला नाही. फ्लेक्स त्याच्या मोबाईलमध्ये अजून आहे, मला माहीत आहे. जुलैपासून तो सोमवार-बुधवार-शुक्रवार मागच्या रांगेत असतो. परवा एका सहा वर्षांच्या पोरीचा पट्टा सुटला म्हणून तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याची गाठ उलटी पडली. स्वतःच्या कमरेला तेरा वर्षं बांधलेला पट्टा, समोरच्याच्या कमरेला बांधताना हात अडले. त्याने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा उलटी. मग उठून तिच्या पाठीमागे गेला, तिच्या खांद्यावरून वाकला आणि स्वतःची बांधतो तशी बांधली. पोरगी म्हणाली, “दादा, घट्ट झाली.” त्याने परत सोडली.